सर्व्हर दर आठवड्याला रीबूट करायचा का? आधी हे बघा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचा सर्व्हर मी बघतो, उबुंटू आहे, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. आधीच्या माणसानं क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कामं करणारी सोय) दर रविवारी रात्री रीबूट टाकून ठेवलेला, का तर म्हणे "रॅम भरती ओ मालक".

भरणारच की, भरायलाच घेतलीय. लिनक्स रिकामी रॅम पडून ठेवत नाही, डिस्कवरनं वाचलेल्या फायली तिच्यात ठेवतो आणि एखाद्या प्रोग्रामला जागा लागली की सोडून देतो. म्हणून 'फ्री' (free) कमांड मारली की फ्रीचा कॉलम बघून घाबरायचं नाही, अव्हेलेबलचा बघायचा. आमच्यात १६ जीबीपैकी फ्री जेमतेम ४०० एमबी, अव्हेलेबल ११ जीबी. निवांत.

अव्हेलेबलच रोज घसरत चाललं तर मात्र कुठंतरी गळतंय. 'टॉप' (top) कमांड उघडा, कॅपिटल एम दाबा, जास्त खाणारे वर येतात. त्यांचा रेसचा (RES, प्रत्यक्ष व्यापलेली रॅम) आकडा चार दिवस सकाळ-संध्याकाळ वहीत लिहा (हो, वहीतच). चढून एका जागी थांबला तर ती त्याची भूक, डेटाबेस असंच करतो. थांबायचं नावच घेत नसेल तर लीक, म्हणजे गळती. आमच्यात बिलाचे पीडीएफ काढणारी सर्व्हिस सापडली. मग तेवढीच रीस्टार्ट करायची, प्रोसेस (चालू प्रोग्राम) मेली की तिची रॅम कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, परत घेतो, अख्खं मशीन कशाला पाडायचं? डेव्हलपर दुरुस्त करून देईपर्यंत सिस्टमडीत (सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्राम) तिला मेमरीमॅक्सची मर्यादा (MemoryMax, यापेक्षा जास्त रॅम नाही) आणि रीस्टार्ट ऑलवेज (Restart=always, मेली की परत चालू) लावून ठेवलं. आणि काहीही बंद करायच्या आधी डीमेसेजमध्ये (dmesg, कर्नलचे निरोप दाखवणारी कमांड) 'आउट ऑफ मेमरी' शोधा, रीबूट झाला की ते निरोप साठवणारा बफर पुसला जातो, मग रॅम संपली म्हणून कर्नलनं कुठल्या प्रोसेसला मारलं ते शोधत बसा.

रीबूट लागतोच कुठं, तर कर्नल अपडेटनंतर. उबुंटू स्वतःच सांगतो, व्हार रन (/var/run) फोल्डरमध्ये 'रीबूट रिक्वायर्ड' (reboot-required) नावाची फाइल येते. गळती कर्नलमध्येच असली तरीही दुसरा इलाज नाही, पण तसं क्वचितच.

तो क्रॉन मी काढला त्याला कारण वेगळंच घडलं. एका शनिवारी बॅकअपची यूएसबी डिस्क कुणीतरी काढून नेली, एफएसटॅबमध्ये (चालू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) तिच्यापुढं नोफेल (nofail, डिस्क नसली तरी पुढं चल) लिहिलेलं नव्हतं, रविवारी रात्री मशीन रीबूट झालं आणि इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसलं, म्हणजे पुरतं चालूच होईना. सोमवारी सकाळी गेटवर माल भरलेला टेम्पो, आणि चलन काही निघंना. आता रीबूट अपडेट आलं तरच, तोही दुपारी जेवणाच्या सुट्टीत, मी स्वतः मॉनिटरसमोर असताना.