बोगद्यात शॉटक्रीट (हवेच्या दाबाने खडकावर फवारलेले काँक्रीट) मारताना

ब्लास्टिंगनंतर धूर-वायू पूर्ण निघून गेला की आधी सुट्टे दगड पाडा. पहारेने ठोकल्यावर भद्द आवाज आला तर तो दगड सुटलेला आहे. खणखणीत वाजला तर ठीक. हे काम पक्क्या छताखाली उभे राहूनच करायचे.

मग खडक हवा-पाण्याने धुवा. धुळीवर शॉटक्रीट धरत नाही, पापुद्र्यासारखे सुटते. सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये दोन थरांच्या मधे लाल बोलचा (मातकट लाल थराचा) पट्टा लागतो, तिथे मात्र पाणी नको: तो भिजला की मऊ पडतो. नुसती हवा मारा आणि लगेच पातळ थराने झाका.

ओल्या मिश्रणाचा स्लंप (साचा उचलल्यावर ते किती खाली बसते ते माप) साधारण १५० ते २०० मिमी ठेवा. कमी असेल तर पंप तुंबतो, आणि नळीत पाणी ओतून सुटका करण्याचा मोह होतोच! तसे केले की ताकद गेली.

नोझल (नळीचे तोंड) खडकापासून १ ते २ मीटरवर, पृष्ठभागाला काटकोनात धरा आणि छोट्या वर्तुळांत फिरवा. तिरके धरले तर माल उसळून वाया जातो. भिंतीच्या पायथ्यापासून वर चढत जा. पायथ्याशी पडलेला उसळलेला माल आधी काढा, तो परत वापरू नका. छताला एकदम जाड थर दिला तर स्वतःच्या वजनाने गळून पडतो. ५० मिमीच्या आसपास थर द्या, तो धरला की पुढचा.

खडकावर लोखंडी जाळी असेल तर तिच्यामागे पोकळी राहते. हातोडीने ठोकून तपासा.

ताज्या थराखाली कोणीही जायचे नाही. साधारण १ मेगापास्कल (दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १० किलो भार) ताकद मोजून मिळाल्यावरच प्रवेश द्या.