कोपरे न बिघडवता चित्र कसे ताणावे : अँड्रॉइडचे नाइन-पॅच

चॅटच्या ॲपमध्ये एका शब्दाच्या मेसेजलाही तोच बबल (मजकुरामागचा शेपटीवाला फुगा) लागतो आणि दहा ओळींच्या मेसेजलाही तोच. साधे चित्र मागे लावून ताणले, तर गोल कोपरे लंबगोल होतात आणि शेपटी फताडी दिसू लागते. नाइन-पॅच म्हणजे कसे ताणायचे याच्या खुणा सोबत असलेले चित्र. त्यात चित्राचे नऊ भाग कल्पून चार कोपरे जसेच्या तसे ठेवले जातात, वरची व खालची कड केवळ आडवी, डावी व उजवी कड केवळ उभी, तर मधला भाग दोन्ही दिशांना ताणला जातो. केवळ गोल कोपऱ्यांचा एकरंगी चौकोन हवा असेल, तर मात्र चित्राच्या फंदात पडू नये. एक्सएमएल फाइलमध्ये आकाराचे वर्णन लिहून बनवलेला शेप ड्रॉएबल पुरतो.

समजा, बबल ६० बाय ४८ पिक्सेलचा आहे, कोपऱ्यांची त्रिज्या १६ पिक्सेल आहे आणि खाली डावीकडे शेपटी १० पिक्सेल बाहेर आली आहे. चित्राभोवती १ पिक्सेलची पारदर्शक चौकट वाढवावी, म्हणजे फाइल ६२ बाय ५० होईल, आणि फाइलच्या नावाचा शेवट टिंब, ९, टिंब, पीएनजी असा करावा. शेपटी व डाव्या कोपऱ्याचे मिळून २६ आणि उजव्या कोपऱ्याचे १६ पिक्सेल सोडले की मध्ये १८ उरतात. चौकटीच्या वरच्या बाजूला तेवढ्यातच काळी रेघ काढावी; रेघेसमोरचाच भाग ताणला जातो. डाव्या बाजूला वरचे व खालचे १६-१६ पिक्सेल सोडून मधल्या १६ पिक्सेलांत रेघ काढावी. शेपटी तळाच्या मध्यभागी असेल, तर वर तिच्या दोन्ही अंगांना सारख्या लांबीच्या दोन रेघा काढाव्यात; ताण दोघींत समान वाटला जातो आणि शेपटी मध्यावरच राहते.

उजवी व खालची रेघ मजकुराची जागा ठरवते. त्या काढल्या नाहीत, तर अँड्रॉइड वरच्या व डाव्या रेघांवरूनच पॅडिंग (कड आणि मजकूर यांमधली जागा) ठरवते आणि अक्षरांभोवती नको तेवढी मोकळी जागा राहते. पुढे कोडमधून बॅकग्राउंड बदलले, की आधी दिलेले पॅडिंग पुसून चित्रातले पॅडिंग लागू होते. अशा वेळी दोष लेआउटमध्ये (पडद्याच्या मांडणीच्या फाइलमध्ये) शोधत बसू नये.

रेघ शुद्ध काळ्या, पूर्ण अपारदर्शक रंगाचीच हवी. ब्रशच्या मऊ कडेमुळे एखादा करडा ठिपका उमटला तरी बिल्ड (ॲप तयार होण्याची प्रक्रिया) अडते, म्हणून पेन्सिल टूल वापरावे किंवा अँड्रॉइड स्टुडिओच्या नाइन-पॅच एडिटरमध्येच रेघा काढाव्यात. तेथे ताणलेले रूप शेजारीच दिसते.

बॅकग्राउंड म्हणून लावलेले नाइन-पॅच रॅप-कंटेंट व्ह्यूला (मजकुराएवढाच आकार घेणाऱ्या घटकाला) मूळ चित्राहून लहान होऊ देत नाही. म्हणून ‘हो’ एवढ्याच मेसेजचा बबल रुंद दिसत असेल, तर मधला अनावश्यक भाग कापून मूळ चित्रच लहान करावे. वेगवेगळ्या डेन्सिटींसाठी (पडद्यांच्या पिक्सेल-घनतेसाठी) प्रती करताना चित्र आधी मोठे करावे आणि रेघा नंतर काढाव्यात, कारण चौकट प्रत्येक प्रतीत १ पिक्सेलचीच असावी लागते.