घरी केलेल्या बेबी वाइप्सना चौथ्या दिवशी कुबट वास का येतो? या चुका टाळा

घरच्या वाइप्सची कृती साधारण सगळीकडे सारखीच सांगतात. दोन वाट्या उकळून गार केलेलं पाणी, चमचाभर बेबी वॉश, चमचाभर खोबरेल तेल. हे ढवळून डब्यातल्या कापडाच्या किंवा टिश्यूच्या घड्यांवर ओतायचं, झाकण लावायचं आणि डबा संपेपर्यंत वापरायचा. साहित्य घरातलं, खर्च नावाला, शिवाय बाळाला केमिकल लागत नाही याचं समाधान. यातल्या पहिल्या पायऱ्या थोड्याफार चुकल्या तरी निभावतं. शेवटची, म्हणजे डबा भरून ठेवण्याची पायरी मात्र बहुतेक तक्रारींच्या मुळाशी असते.

ओला डबा भरून ठेवणं

विकतचे वाइप्स महिनोन्‌महिने ओले राहूनही खराब होत नाहीत, कारण त्यांत सोडियम बेंझोएट, फिनॉक्सीइथेनॉल असे प्रिझर्वेटिव्ह असतात. आपल्या डब्यात पाणी असतं, सुती धागा असतो, तेल-साबणाचा अंश असतो आणि दिवसातून सात-आठ वेळा आत जाणारा हात असतो, तोही बहुधा शी पुसता पुसता. पाणी उकळलेलं असलं तरी तो हात आत गेला की त्याचा उपयोग संपला. स्युडोमोनाससारखे काही जिवाणू तर जवळजवळ नुसत्या पाण्यावरही वाढतात. एप्रिल-मे महिन्यांत सांगली-मिरजेत पारा चाळिशीला टेकतो तेव्हा वास यायला चौथा दिवसही लागत नाही.

आणि वास येईपर्यंत थांबायचंच नसतं. काळे ठिपके दिसायच्या किंवा कुबटपणा जाणवायच्या बऱ्याच आधी जंतूंची संख्या वाढलेली असते. ‘वास नाही ना, मग चांगलेच आहेत’ हा हिशेब ताकाला चालेल, वाइप्सना नाही.

मग लोक त्यात काहीबाही घालतात. व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून टाकतात. ती तेल खवट होऊ देत नाही, जंतूंचं काही बिघडवत नाही. टी ट्री किंवा नीलगिरीचं तेल टाकतात. जंतू रोखण्याइतकं टाकलं तर बाळाची कातडी आधी चुरचुरेल आणि दोन थेंब टाकले तर फक्त सुवास येईल. सरबताच्या बाटल्यांत घालतात ते सोडियम बेंझोएटही कुणी सुचवतं. ते आम्ल मिश्रणातच काम करतं, नेमकं मोजावं लागतं आणि स्वयंपाकघरातल्या चमच्याने ते मोजता येत नाही. माझं मत विचाराल तर घरी प्रिझर्वेटिव्हच्या वाटेला जाऊच नये.

त्यापेक्षा कापड आणि पाणी वेगळं ठेवा. कोरड्या चौकोनी फडक्यांचा एक डबा, शेजारी थर्मासमध्ये उकळून कोमट केलेलं पाणी. लागेल तेव्हा एक फडकं वाटीत भिजवायचं, ठिबकणार नाही इतकं पिळायचं आणि वापरायचं. थर्मासमधलं पाणीही रोज नवं भरायचं. कोमट पाणी फार वेळ तसंच राहिलं की जंतूंना तेही आवडतं. रात्री उठून हे करायचा कंटाळा येतो हे कबूल. मग झोपण्याआधी पाच-सहा फडकी भिजवून, पिळून, स्वच्छ डब्यात ठेवा आणि सकाळी उरलेली थेट धुवायला टाका. कालच्या डब्यात आजची नवी फडकी भरू नका. डबा रोज गरम पाण्याने साबण लावून धुऊन पूर्ण कोरडा करायचा. आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणाची खाच लोक हमखास विसरतात. फ्रिजमध्ये ठेवले तर दिवसभर ताजे राहतात, पण डिसेंबरात वाई-पाचगणीकडे असा गारढोण फडका बाळाच्या ढुंगणाला लावून पाहा, अख्खी आळी जागी होईल.

पाणी कुठलं?

काही कृतींत ‘डिस्टिल्ड वॉटर’ लिहिलेलं असतं म्हणून कुणी गॅरेजमधून किंवा पेट्रोल पंपावरून बॅटरीत घालायचं पाणी आणतं. ते बॅटरीसाठीच आहे. कुठल्या कॅनमधून ओतलं, किती दिवस उघडं होतं, कोण जाणे. बाळासाठी ते नको. आरओचं पाणी पिण्याला चांगलं असलं तरी निर्जंतुक नसतं, तेही उकळायलाच हवं. खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर तसंच ठेवायचं आणि झाकून गार करायचं.

जत, आटपाडी, कवठेमहांकाळ किंवा इकडे माण-खटाव भागात बोअरच्या पाण्यावर घर चालत असेल तर आणखी एक गोष्ट. भांड्याच्या तळाला पांढरा थर धरणाऱ्या जड पाण्यात साबण नीट फेसाळत नाही, त्याचा चिकट साका होतो आणि तो फडक्याच्या धाग्यात बसतो. मग फडकं दहा वेळा धुतलं तरी खरखरीत आणि बाळाची कातडी कोरडी. उकळल्याने काही क्षार खाली बसतात, सगळे जात नाहीत. अशा घरी बाळाला पुसायला पिण्याचं पाणी वापरा, आणि फडकी धुताना शेवटच्या बादलीत दोन चमचे पांढरा व्हिनेगर घाला. साका सुटतो, कापड मऊ राहतं. हा व्हिनेगर ब्लीचिंग पावडरच्या जवळपासही येऊ देऊ नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. आणि तो फक्त धुण्याच्या पाण्यात. वाइप्सच्या पाण्यात व्हिनेगर घातला तर सालपट निघालेल्या जागी झोंबतो.

सगळ्यात हळद

सांगलीत हे होणारच. 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालेली हळद ज्या गावच्या पेठेत ढिगाने विकली जाते, तिथल्या आजीने ‘चिमूटभर टाक गं, जंतू मरतात’ म्हटलं नाही तरच नवल. पण हळदीतला रंगद्रव्याचा भाग पाण्यात विरघळत नाही. तो तळाशी बसतो, फडक्याला चिकटतो आणि तिथून बाळाच्या मांडीच्या घडीत जातो. भुकटीचे कण नाजूक कातडीवर घासले जातात, काही बाळांना त्याने पुरळही येतं.

यातून एक घाबरगुंडी ठरलेली. हळदीचं फडकं किंवा तो डाग पडलेला लंगोट साबणाने धुवायला घेतला की डाग लालभडक होतो. पहिलटकरणीला वाटतं, बाळाच्या शीतून रक्त गेलं. शाळेत प्रयोगवहीत लिहिलेलं आठवा: हळद अल्कलीत लाल होते, साबण अल्कली आहे. स्वच्छ पाण्यात खळबळलं की डाग पुन्हा पिवळा होतो, उन्हात वाळवला की फिकट पडतो. रक्ताचा डाग असा रंग बदलत नाही. हळद वापरलीच नसेल आणि लंगोटात लाल दिसत असेल तर मात्र प्रयोग करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

साबण, सोडा आणि जंतुनाशक

बाळाची कातडी जन्मानंतर काही आठवड्यांत किंचित आम्ल होते, पीएच (आम्ल-अल्कलीचं माप, सातच्या खाली आम्ल, वर अल्कली) साधारण साडेपाचच्या आसपास. हाच तिचा बचाव. साधा अंगाचा साबण नऊ-दहाच्या घरात असतो आणि खायचा सोडा आठच्या वर. शीमधली पाचक द्रव्यं अल्कली वातावरणात जास्त जोरात काम करतात आणि कातडी सोलवटते. त्यामुळे लालीवर उपाय म्हणून सोड्याच्या पाण्याने पुसणं म्हणजे उलटा कारभार.

बेबी वॉश साबणापेक्षा सौम्य असतो, पण तो धुऊन टाकायचा पदार्थ आहे. वाइप्समध्ये घातला की तो कातडीवरच राहतो, वर घट्ट डायपर, आत गरमी. बाळ प्रत्येक वेळी पुसल्यावर रडत असेल तर आधी बेबी वॉश बंद करून पाहा. शू पुसायला नुसतं पाणी पुरतं. चिकट शीसाठी पाणी पुरत नसेल तर आधी थोडं खोबरेल लावून ती सुटी करा, मग पाण्याने पुसा. आणि जमिनीला किंवा जखमेला वापरतात ते जंतुनाशक लिक्विड पाण्यात ‘एक झाकण’ टाकण्याची सवय कितीही जुनी असली तरी सोडा. त्याने कातडी भाजल्यासारखी होऊ शकते. बोरिक पावडर तर घरात बाळ असताना हाताशीसुद्धा नको, ती बाळांना विषारी ठरते. रिठ्याचं पाणीही याच रांगेत बसवते मी, नैसर्गिक असलं तरी.

तेल वर, पाणी खाली

डब्यातले वरचे वाइप्स तेलकट आणि खालचे नुसते ओले, ही तक्रार येते कारण तेल पाण्यात मिसळत नाही. कितीही हलवा, दहा मिनिटांत वेगळं होतं. थंडीत खोबरेल साधारण 24 अंशांखाली गोठतं, तेव्हा तर फडक्यावर पांढऱ्या गुठळ्याच दिसतात. ती बुरशी नव्हे, हातात घेतल्यावर विरघळली तर तेलच. उपाय एवढाच की तेल पाण्यात घालू नये. पुसून, टिपून कोरडं केल्यावर बोटभर लावावं.

खोबरेल निवडताना बाटली वाचा. डोक्याला लावायच्या किंवा सर्दीसाठी गरम केलेल्या तेलात कापूर असू शकतो. कापूर कातडीतूनही अंगात जातो आणि लहान बाळांना त्याने झटके येऊ शकतात. ते तेल बाळापासून लांब ठेवा. ऑलिव्ह ऑइल भेट म्हणून आलं असेल तर भाजीत घाला. त्यातल्या ओलेइक आम्लाने कातडीचा वरचा थर सैल होतो.

कोरफडीबद्दलही विचारतात. कुंडीतलं पान चिरल्यावर पिवळा चीक गळतो, तो कातडीला खाजरा लागतो. शिवाय ताजा गर काही तासांतच खराब व्हायला लागतो. वाइप्समध्ये नकोच.

कापड

नवं कापड आणून, कापून, लगेच वापरायला घेतलं की पाणी वर मोत्यासारखं थांबतं, आत जात नाही. कारण मागावर चढण्याआधी सुताला खळ दिलेली असते. विट्याच्या मागावरचं असो की इचलकरंजीचं, गरम पाण्यात भिजवून दोन-तीनदा धुतल्याशिवाय खळ सुटत नाही. उत्तम म्हणजे आजोबांचं वापरून मऊ झालेलं धोतर किंवा जुना सुती पंचा. वीतभर चौकोन कापा आणि कडा शिवून घ्या, नाहीतर सुटलेला दोरा बाळाच्या बोटाला गुंडाळला जातो. जुन्या साडीतलं कापड घेताना ती सुतीच आहे याची खात्री करा. सिंथेटिकने पाणी शोषलं जात नाही, नुसतं पसरतं.

धुताना फॅब्रिक कंडिशनर घालू नका, कापड पाणी प्यायचं थांबतं. शीचं फडकं आधी गार पाण्यात खळबळा. गरम पाण्यात टाकलं तर डाग पक्का बसतो. त्यानंतर गरम पाणी आणि साबण. घरातल्या इतर कपड्यांत मिसळू नका.

किचन टिश्यूचा रोल सुरीने अर्धा कापून डब्यात बसवायचा प्रकार दिसायला छान आहे, पण तो कागद ओला झाला की तुटतो आणि त्याचे तुकडे नेमके तिथे चिकटतात जिथून काढताना बाळ सर्वांत जास्त हातपाय झाडतं. कापसाचे बोळे चालतात, आधी भिजवून पिळले तर. टिश्यू असो, बोळा असो की विकतचा वाइप, संडासात टाकू नका. सेप्टिक टाकी उपसायला माणूस बोलवायचा खर्च वाइप्सच्या बचतीहून बराच मोठा असतो.

खरा प्रश्न पावसाळ्याचा. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर कापड दोरीवर वाळत नाही, फक्त टांगलेलं राहतं. अर्धवट वाळलेल्या फडक्याची घडी घातली की तिला वास धरतोच. गरम इस्त्री फिरवा, दोन्ही बाजूंनी, पूर्ण कोरडं होईपर्यंत. वास बसलाच असेल तर फडकी पाण्यात दहा मिनिटं उकळा. तरीही जात नसेल तर त्या फडक्याने ओटा पुसा.

सगळं बरोबर करूनही लाली आली तर

बहुतेकदा घासणं कारण असतं. शी वाळेपर्यंत बाळ तसंच राहिलं की पुसताना जोर लागतो. टिपा, घासू नका. मुलीला नेहमी पुढून मागे पुसायचं. मुलाची पुढची कातडी मागे ओढायची नाही. नंतर पाच-दहा मिनिटं दुपट्यावर उघडं खेळू द्या, मग पेट्रोलियम जेली किंवा झिंक ऑक्साइडचं मलम. पावडर नको, ती श्वासात जाते. पहिल्या महिन्यात तर पाणी आणि कापूस याशिवाय काहीच नको.

साधी लाली डायपर घासतो तिथे, फुगीर भागावर येते आणि मांडीच्या घड्या बऱ्याचदा सुटतात. घडीच्या आतही गडद लाल दिसत असेल आणि भोवती सुटे लाल ठिपके असतील तर ती बुरशीची लागण असू शकते. तिला वेगळं औषध लागतं, घरच्या कुठल्याच वाइपने ती जात नाही. फोड, पू, ताप, किंवा दोन-तीन दिवसांत उतार नाही, यातलं काहीही असेल तर बालरोगतज्ज्ञ गाठा.

प्रवासात

साताऱ्याहून पुण्याला एसटीने निघालात आणि खंबाटकीत बाळाने कार्यक्रम उरकला, तर तिथे थर्मास आणि वाटीचा खेळ जमत नाही. निघताना आठ-दहा फडकी भिजवून, घट्ट पिळून झिपच्या पिशवीत भरा. त्या दिवसापुरती ती चालतात. वापरलेल्यांसाठी दुसरी पिशवी. लांबच्या प्रवासाला किंवा दवाखान्यात विकतचं बिनवासाचं पाकीट नेलं तर त्यात काही कमीपणा नाही. घरी पोचल्यावर दोन्ही पिशव्या त्याच रात्री रिकाम्या करा. गाडीच्या डिकीत राहून गेलेल्या पिशवीतली भिजवलेली फडकी, वापरलेली नसली तरी, बाळाला न लावता सरळ उकळायला टाका.