टीव्हीचा सिग्नल मधूनच जातो? डिश हलवण्याआधी हे तपासा

सिग्नल पूर्णच गेला तर दोष लवकर सापडतो. मधूनच जाणारा आणि आपसूक परत येणारा सिग्नल मात्र छळतो. मॅच रंगात आली की चित्राचे चौकोन होतात, आवाज तुटतो, पडद्यावर 'नो सिग्नल' येतं. आणि टेक्निशियन दारात उभा राहतो तेव्हा सगळं सुरळीत चाललेलं असतं. अशा वेळी बहुतेक घरांत कोणीतरी गच्चीवर जाऊन डिश इकडेतिकडे फिरवून पाहतं. ते कृपा करून करू नका. डिश जागची हलली की जुन्या दोषात नव्याची भर पडते आणि मूळचा दोष कोणता, हे कळायला मार्गच उरत नाही.

आधी कागद-पेन घ्या

चार-पाच दिवस फक्त नोंद करा. सिग्नल किती वाजता गेला, किती वेळाने आला, बाहेर ऊन होतं, वारा होता की पाऊस, आणि सगळी चॅनेल गेली की ठरावीकच. एवढ्यावरून निम्मं निदान घरबसल्या होतं.

पावसाचंच घ्या. आपल्याकडचं डीटीएच केयू बँडवर चालतं; उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी साधारण १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झच्या असतात आणि पावसाचे टपोरे थेंब त्या शोषून घेतात. मे महिन्यातला वळीव कोसळत असताना दहा-पंधरा मिनिटं चित्र गेलं, तर तो दोष नाही. त्यावर घरात बसून काही उपायही नाही. पण श्रावणातल्या रिमझिम सरीतही चित्र फुटत असेल, तर डिशचा नेम थोडा चुकलेला आहे किंवा वाटेत कुठेतरी सिग्नल गळतो आहे. कोरड्या दिवशी तो कसाबसा पुरतो, इतकंच. तिसरी तऱ्हा सर्वांत महत्त्वाची: पाऊस थांबून आकाश मोकळं झालं, तरी सिग्नल दोन-तीन तासांनी, ऊन पडल्यावरच येतो. असं होत असेल तर केबलच्या जोडात पाणी शिरलं आहे, असं जवळजवळ खात्रीने समजा.

एप्रिल-मेच्या भर दुपारी सिग्नल जाऊन संध्याकाळी परत येत असेल, तर एलएनबीवर, म्हणजे डिशच्या पुढच्या दांड्यावरच्या डबीवर, संशय घ्या. तापल्यावर जुन्या एलएनबीची फ्रिक्वेन्सी सरकते. वाऱ्याबरोबर जात असेल, तर डिशचा स्टँड सैल आहे किंवा एखादी फांदी आडवी येते आहे.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस, दुपारच्या आधी, रोज जवळपास त्याच वेळी काही मिनिटं सिग्नल गेला तर काहीच करू नका. तेव्हा पुण्यातून पाहताना सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो. काही दिवसांत ते आपोआप थांबतं.

ठरावीक चॅनेलच जातात?

सेट टॉप बॉक्स त्याच केबलमधून एलएनबीला वीज पुरवतो: चॅनेलच्या एका गटासाठी १३ व्होल्ट, दुसऱ्यासाठी १८. जोड गंजला किंवा बॉक्सचा अडॅप्टर थकला की वरचा व्होल्टेज पुरेसा पोहोचत नाही आणि एकाच गटातली चॅनेल गायब होतात. त्यामुळे 'निम्मी चॅनेल दिसतात' अशी तक्रार असेल, तर डिशच्या दिशेपेक्षा केबल आणि अडॅप्टर आधी पाहा.

घरातली तपासणी

बॉक्सच्या मेनूत सिग्नलची माहिती दाखवणारं पान असतं. तिथे दोन पट्ट्या दिसतात: स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. बहुतेक जण स्ट्रेंग्थ पाहून निश्चिंत होतात; खरी गोष्ट क्वालिटी सांगते. स्ट्रेंग्थ भरपूर आणि क्वालिटी वरखाली होत असेल, तर अडथळा, चुकलेला नेम किंवा खराब एलएनबी. दोन्ही एकदम शून्यावर येत असतील, तर केबल, जोड किंवा अडॅप्टर. कोरड्या, स्वच्छ दिवशीचे आकडे लिहून ठेवा, पुढे तुलनेला उपयोगी पडतात.

आता बॉक्सचा प्लग भिंतीतून काढा. केबलमध्ये वीज असते, त्यामुळे चालू बॉक्सवर जोड उघडू नये. मागचा एफ कनेक्टर, म्हणजे केबलच्या टोकाचा आट्यांचा धातूचा जोड, फिरवून काढा आणि आत पाहा. मधली तांब्याची तार सरळ, चकचकीत आणि कनेक्टरच्या कडेच्या दोन-तीन मिलिमीटर बाहेर असावी. भोवतालच्या जाळीचा एक केसही तिला टेकता कामा नये. तो अधूनमधून टेकतो आणि सिग्नलही अधूनमधून जातो. तार काळी-हिरवी दिसली तर तेवढा तुकडा कापून नवा कनेक्टर बसवा. फिरवून घालायचा कनेक्टर स्वस्त पडतो पण सैलावतो, म्हणून दाबून बसवायचाच घ्या. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत कनेक्टर आणि डिशसाठी लागणारी चांगली आरजी ६ जातीची केबल दोन्ही मिळतात.

मधे स्प्लिटर (एका केबलच्या दोन करणारी डबी) किंवा टेप गुंडाळलेला जोड असेल, तर तो काढून थेट केबल लावून पाहा. शेजाऱ्यांकडे त्याच कंपनीची सेवा असेल, तर त्यांचा अडॅप्टर तासभर मागून घ्या, मात्र व्होल्ट आणि अँपिअर जुळतात का ते आधी वाचा. गच्चीवर मोबाइल टॉवर असेल तर केबलच्या दर्जाकडे जास्त लक्ष द्या. एलएनबीकडून खाली येणारा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये असतो आणि १८०० व २१०० मेगाहर्ट्झचे मोबाइल पट्टे त्यातच पडतात. विरळ जाळीच्या स्वस्त केबलमध्ये ते घुसतात.

मग गच्ची

ओल्या पत्र्यावर चढू नका, कठड्याबाहेर झुकू नका, विजा चमकत असतील तर वर जाऊच नका. डिश ग्रिलबाहेर किंवा डक्टमध्ये लटकवलेली असेल, तर ते काम टेक्निशियनचंच.

बॉक्स बंद ठेवूनच एलएनबीचा जोड उघडा. हिरवट थर किंवा ओल दिसली तर कनेक्टर बदला. केबल एलएनबीखाली एक वळसा घेऊन मग पुढे गेलेली असावी, म्हणजे पाणी वळशाच्या तळाशी ठिबकून जातं. ती वरून सरळ जोडात उतरत असेल, तर पाणी थेट आतच जाणार. जोडावर नुसती काळी इन्सुलेशन टेप एका उन्हाळ्यात सुटते, ताणल्यावर स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप वापरा. केबलचं बाहेरचं आवरण उन्हाने तडकलं असेल तर सगळी केबल बदला, ठिगळं लावू नका. एलएनबीच्या तोंडावरची टोपी फुटली आहे का, डिशवर कबुतरांनी काटक्या रचल्या आहेत का, तेही पाहून घ्या. दांडा हाताने धरून हळूच हलवा. हलला तर बोल्ट घट्ट करा, पण डिशची दिशा बदलू न देता.

आता दिशेने मोकळं आकाश आहे का ते बघा. पुण्यातून हे उपग्रह आग्नेयेच्या बाजूला दिसतात. टाटा प्लेचा ८३ अंश पूर्वेचा उपग्रह क्षितिजापासून सुमारे ६६ अंश उंच, डीडी फ्री डिशचा ९३.५ अंशांवरचा जीसॅट-१५ सुमारे ५९ अंश, आणि एअरटेलचा १०८.२ अंशांवरचा सुमारे ४५ अंश. डिशची तबकडी बरीच उभी दिसते, पण एलएनबी खालच्या बाजूला असल्यामुळे तिची नजर दिसते त्याहून वीस-पंचवीस अंश वर असते, हे लक्षात ठेवा. ४५ अंशांचा अर्थ असा: समोरची इमारत डिशपेक्षा १० मीटर उंच असेल आणि १० मीटरच्या आत असेल, तर ती आड येते. ५९ अंशांवर तीच इमारत ६ मीटरच्या आत आली तरच अडवते. कोथरूड-सहकारनगरात पुनर्विकासाचे टॉवर उठत आहेत. तिथल्या क्रेनचा हात फिरताना डिशच्या रेषेत आला की चित्र काही सेकंद जातं आणि परत येतं. तुमच्या नोंदींत फक्त कामाच्या वेळाच दिसत असतील, तर क्रेनकडे पाहा. गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष उन्हाळ्याअखेर पुन्हा गच्च होतात, म्हणून फेब्रुवारीत ठणठणीत असलेला सिग्नल जुलैत जातो.

शेवटची चाचणी

घरात एकाने क्वालिटीची पट्टी पाहावी आणि फोन चालू ठेवावा. गच्चीवर दुसऱ्याने डिशची कड मागून बोटांनी अगदी हलकेच दाबावी: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. प्रत्येक वेळी क्वालिटी उतरली आणि सोडताच परत आली, तर नेम बरोबर आहे, डिशला हात लावू नका. एका बाजूला दाबल्यावर क्वालिटी वाढली, तर त्या दिशेला डिश किंचित सरकवायची आहे. आधी स्टँडवर पेनने सध्याच्या जागेची खूण करा, बोल्ट अर्धा फेरा सैल करा, केसभर सरकवा, आणि पट्टी स्थिर व्हायला काही सेकंद थांबा. आकडा उशिरा बदलतो. सर्वांत जास्त क्वालिटी मिळाली की बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा, कारण एकच बोल्ट पूर्ण आवळला तर नेम पुन्हा सरकतो.

एवढं करूनही त्रास राहिला तर एलएनबी बदलायची वेळ आली आहे. टेक्निशियनला बोलावताना नोंदींचा कागद आणि क्वालिटी पडलेली असतानाचा पडद्याचा फोटो दाखवा, म्हणजे तो आला तेव्हा चित्र नीट दिसत असलं तरी त्याला दोष कुठे शोधायचा ते कळेल.