चामड्याची टोट शिवायची तर आधी शेवटची टीप शोधा

चामड्याची टोट बॅग शिकायची म्हटलं की बहुतेक जण आधी हत्यारं मागवतात. भोकं पाडायच्या पंचांचा सेट, रंगीत मेणदोरा, नक्षीचे ठसे. मी म्हणेन, आधी घरातली एखादी जुनी बॅग उसवा. ब्लेडनं एकेक टीप सोडवत जा आणि कुठली आधी सुटली, मग कुठली, ते वहीत लिहून ठेवा. जी पहिली सुटते ती शिवणाऱ्यानं शेवटी मारलेली असते. यादी खालून वर वाचलीत की बांधणीचा क्रम तुमच्या हातात.

टोट दिसायला सोपी: दोन पॅनल, धरायचे दोन बंद, वर उघडं तोंड. डोकं खातो तो क्रम. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते काका मूळचे चपलेचे कारागीर. "काका, कापू का?" असं विचारलं की त्यांचं ठरलेलं, "शेवटची टीप कुठं येतीय ते सांग की आधी!" कारण साधं आहे. कापडावरची चुकलेली टीप उसवता येते, चामड्याला पडलेलं भोक मात्र बुजत नाही.

क्रमाच्याही आधी चामडं ठरवावं लागतं, कारण बांधणी त्यावरच अवलंबून असते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, त्यात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत आणि आपलं सोलापूर त्यातला एक. त्यामुळे हिरड्याच्या फळांत आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं चामडं आपल्याकडच्या कारागिरांच्या ओळखीचं. पण चपलेचं ते जाड, ताठ चामडं उलटं शिवून सुलटं करायला जाल तर कोपरे वळणारच नाहीत. त्याला उघड्या कडांची बांधणी हवी: बाजूपट्टी वेगळी, टाके बाहेरून, आरीनं, म्हणजे टोकदार दाभणानं, भोकं पाडून दोन सुयांनी हातशिलाई. दोरा शिलाईच्या लांबीच्या चौपट घ्या. उलटून शिवायची टोट हवी असेल तर क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं, १.२ ते १.४ मिलिमीटरचं मऊ चामडं बघा. नवख्यानं इथूनच सुरुवात करावी, असं माझं मत.

आता माप. तयार बॅग तळाशी ३० सेंटीमीटर रुंद, १२ खोल, ३२ उंच हवी आहे असं धरू. पॅनलची रुंदी म्हणजे ३० अधिक १२, अधिक दोन्हीकडे एकेक सेंटीमीटर माया, म्हणजे शिलाईबाहेर सोडलेली कड: ४४. उंची म्हणजे ३२ अधिक खोलीचे निम्मे ६, खाली १ माया, वर ३ दुमड: ४२. खालच्या दोन्ही कोपऱ्यांतून ६ सेंटीमीटरचे चौकोन कापायचे, मायेसकट कडेपासून मोजून. अशी दोन पॅनल मिळून साधारण चार चौरस फूट होतात. बंद, खिसा आणि वाया जाणारं धरून सहा चौरस फूट घ्या. शेळीच्या एका कातड्यात एवढं बसेलच असं नाही. बंद पाठीच्या भागातून, कण्याच्या दिशेनं कापा; पोटाकडचं चामडं ताणतं आणि महिन्याभरात एक बंद लांब दिसायला लागतो.

क्रम असा लागतो. पॅनल सपाट आहेत तोवर खिसा आणि बंद लावून घ्यायचे, बंदाच्या मुळाशी आतून चामड्याचा ठिगळ-तुकडा देऊन. मग तळाची टीप, मग दोन्ही बाजूंच्या. माया उघडून सोल्युशननं, म्हणजे चामड्याच्या रबरी गोंदानं, चिकटवायची आणि हातोडीनं ठोकून बसवायची. त्यानंतर कोपरे, मग बॅग सुलटी. अस्तर वेगळं शिवून, तीन-चार मिलिमीटर लहानच ठेवून आत सोडायचं. शाळेच्या गणवेशांचं काम गावात एवढं चालतं की ड्रिलचे, म्हणजे गणवेशाच्या जाड कापडाचे, कटपीस अस्तराला सहज मिळतात. वरच्या काठाची दुमड आणि त्यावरची गोल टीप, ही शेवटची. म्हणूनच बंद काठाला अगदी चिकटून लावायचे नाहीत; मशीनचा पाय तिथं अडकतो.

खरी कसोटी कोपऱ्याची. तिथं बाजूची आणि तळाची शिलाई समोरासमोर येते आणि चार थर एकावर एक बसतात. १.४ चं चामडं असेल तर साडेपाच मिलिमीटरच्या वर. घरचं मशीन तिथं टाके गाळतं. उपाय रापीचा, म्हणजे चामडं तासायच्या सुरीचा: कोपऱ्याजवळची माया मांसल बाजूनं तासून निम्म्यावर आणायची. रापी आडवी, जवळजवळ झोपवून धरा आणि खाली काच ठेवा. पापुद्रा पातळ, सलग निघाला तर धार बरोबर आहे. तुटक निघत असेल तर थांबून धार लावा, जोर लावू नका.

मशीन विकत घेण्याची घाई करू नका. रिक्षाची सीट आणि हूड शिवणाऱ्यांकडे जड मशीन असतं. तासून, चिकटवून, खुणा करून नेलंत तर ते टीप मारून देतात. टाका साडेतीन-चार मिलिमीटरचा सांगा. बारीक टाक्यानं पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची रांग पडते आणि बॅग तिथंच फाटते. त्यांच्याकडूनच रेक्झिनचे तुकडे आणून पहिला नमुना त्याचाच करा. जाडीचा त्रास कापडात कळत नाही, रेक्झिनमध्ये कळतो.

आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात सोल्युशन लावता लावता सुकतं. ते दोन्ही बाजूंना लावून, चिकट झाल्यावर दाबायचं असतं, त्यामुळे एकेक कड घ्या, पंखा बंद ठेवा किंवा सकाळी लवकर बसा.

विकायचा विचार असेल तर सोलापूरच्या नवी पेठ बाजारातल्या रेक्झिनच्या बॅगांशी भावात स्पर्धा करू नका, ती जमणार नाही. लॅपटॉपच्या मापाची, आतला खिसा गिऱ्हाइकाच्या सांगण्याप्रमाणे, अशी कामं घ्या. सोबत बंद बदलून देण्याचीही घ्या. बंद बहुतेक वेळा मुळाशी उपटलेला असतो आणि आत ठिगळ-तुकडा नसतो, म्हणून कापताना उरलेल्या चामड्यातून चार-पाच सेंटीमीटरचे चौकोन काढून डब्यात ठेवा.