दुसऱ्या कुत्र्यासाठी घर लावताना

घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये बंड्या सात वर्षे एकटाच वाढला. दीड वर्षाच्या चिंगीला दत्तक घ्यायचे ठरले, तेव्हा नवा पट्टा, नवी गादी अशी खरेदी आम्ही हौसेने केली. मात्र घरात बंड्याची हक्काची जागा कोणती आणि चिंगीला तिथे न जाता कुठवर वावरता येईल, याचा विचार फार उशिरा केला. दुसऱ्या कुत्र्यासाठी घर लावायचे म्हणजे मुख्यतः हेच ठरवायचे असते.

त्यासाठी दोन-तीन दिवस पहिल्या कुत्र्याचे नुसते निरीक्षण करावे. तो दुपारी कोणत्या पंख्याखाली झोपतो, दाराची बेल वाजली की कुठून धावत येतो, पाणी पिताना त्याची पाठ कोणाकडे असते, हे पाहून ठेवावे. या जागांना हात लावू नये आणि त्याच्या फिरण्या-जेवणाच्या वेळाही बदलू नयेत. नव्या कुत्र्यासाठी एक वेगळी खोली द्यावी आणि तिच्या दारात लहान मुलांसाठी मिळते तसे जाळीचे फाटक बसवावे. फाटक बंद असतानाही दोघांना एकमेकांचा वास येतो, आवाज ऐकू येतो आणि अंगावर धावून जाण्याची सोय मात्र राहत नाही. वेगळी खोली देणे शक्य नसेल, तर हॉलचा एक कोपरा पिंजरा किंवा फाटक लावून वेगळा करावा. मात्र तो मुख्य दाराच्या वाटेवर नसावा.

भांडी, गाद्या, खेळणी दोघांची स्वतंत्र असावीत. पाण्याचे भांडे दोन ठिकाणी ठेवणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण आमच्याकडे पहिला तंटा पाण्यावरूनच झाला. बंड्याचे भांडे स्वयंपाकघराच्या अरुंद पॅसेजमध्ये होते. चिंगी त्याच्या मागे येऊन उभी राहिली, तेव्हा त्याने पिणे थांबवले, पण मान वर केली नाही. शरीर ताठ झाले, शेपूट स्थिर झाली आणि डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसू लागला. आम्हाला तो इशारा कळला नाही. पुढच्याच क्षणी तो तिच्यावर धावला. असा ताठरपणा दिसताच ओरडू नये, भांड्यात हातही घालू नये. नव्या कुत्र्याला हलक्या आवाजात हाक मारून दूर बोलवावे. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला रागावणे तर चुकीचेच, कारण पुढच्या वेळी तो न गुरगुरताच चावेल.

आरोग्याची तयारी नवा कुत्रा येण्याआधीच करावी. पहिल्या कुत्र्याच्या रेबीजच्या आणि इतर लसी वेळेवर झाल्या आहेत का, हे तपासावे. आपल्याकडे पावसाळ्यात उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होतो, त्यामुळे त्या लसीविषयीही पशुवैद्यांना विचारावे. नव्या कुत्र्याची तपासणी करून त्याला जंतनाशक द्यावे आणि शक्य असल्यास 14 दिवस त्याला वेगळे ठेवावे, म्हणजे दडलेला आजार असल्यास तो बहुधा तेवढ्यात समोर येतो. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या साथीच्या आजाराचा विषाणू जमिनीवर कित्येक महिने तग धरतो आणि साध्या फिनाइलने तो जाईलच असे नाही. त्यासाठी एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी या प्रमाणातील द्रावण वापरून फरशी नंतर साध्या पाण्याने पुसावी. गोचिडांचा बंदोबस्त दोन्ही कुत्र्यांवर एकाच वेळी करावा लागतो, कारण गोचीड अंगावरून उतरून भिंतींच्या फटींत अंडी घालते.

दोघांची पहिली भेट घरात होऊ देऊ नये. भटकी कुत्री कमी असलेला शांत रस्ता निवडावा, पहाटे डांबर थंड असताना दोन माणसांनी दोघांना पट्ट्याने धरून, मध्ये पंधरा-वीस फूट अंतर ठेवून, एकाच दिशेने चालावे. समोरासमोर आणून नाकाला नाक लावू देऊ नये. अंतर हळूहळू कमी करावे, पट्टे सैल ठेवावेत आणि एकमेकांना हुंगून झाल्यावर लगेच पुढे चालावे. भेटीच्या दोन-तीन दिवस आधी एकाच्या अंगावरून फिरवलेला टॉवेल दुसऱ्याच्या गादीजवळ ठेवल्यास वासाची ओळख आधीच होते. घरी परतताना मात्र दोघांना एकाच लिफ्टमधून आणू नये. त्या चौकोनात मागे सरायला जागाच नसते.

सोसायटीचेही थोडे पाहावे लागते. पाळीव प्राणी ठेवण्यावर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. तरीही महापालिकेचा परवाना आणि लसीकरणाची वही जवळ ठेवावी आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावे, कारण पहिले काही दिवस रात्री भुंकणे होणारच.

बाल्कनीच्या गजांतील अंतर नव्या कुत्र्याच्या डोक्याच्या मापाने पुन्हा तपासावे. पहिला कुत्रा जिथून कधी डोकावला नाही, तिथून दुसरा सहज निसटू शकतो.

पहिले काही आठवडे बाहेर जाताना मधले फाटक बंदच ठेवावे. आमच्याकडे ते दीड महिना बंद होते, आणि जेवणाच्या वेळी ते आम्ही आजही लावतो. बंड्या शेवटचा घास गिळून स्वतः फाटकापाशी येऊन उभा राहिला की मगच ते उघडतो.