खातं उण्यात गेलंय? बँकेत जाण्याआधी ही तयारी करा

दंड आणि शुल्कं कापली जाऊन खात्याची शिल्लक शून्याखाली गेली असेल, तर आधी स्टेटमेंट काढा. खातं शेवटचं सुरळीत होतं त्या महिन्यापासून आजपर्यंतचं. नुसत्या पासबुकावर विसंबू नका. बरेच महिने भरलं नसेल तर अनेक ठिकाणी मधल्या नोंदी एकत्र करून छापतात, आणि कापाकापी नेमकी कधी सुरू झाली तेच कळत नाही. नेट बँकिंग नसेल तर शाखेत अर्ज देऊन मागा. छापील प्रतीचे थोडे पैसे पडले तरी घ्या. मग घरी बसून, पेन्सिल हातात घेऊन, एकेक ओळ वाचा.

माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आम्ही हे उलटं केलं. आधी बँकेत गेलो आणि कागद नंतर काढले. तो चाकणच्या एका कंपनीत कंत्राटावर होता. पगारासाठी खातं तिथेच उघडलं होतं. काम सुटलं, तो गावी आला, खातं तसंच राहिलं. पगार यायचा थांबला की काही महिन्यांनी त्याचं साधं बचत खातं होतं आणि किमान शिल्लक ठेवावी लागते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. खात्यात ३१२ रुपये होते. दर महिन्याला ५०० रुपये दंड आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ९० असे ५९० कापले जाऊ लागले. पहिल्याच महिन्यात शिल्लक उणे २७८ झाली, सहाव्या महिन्यात उणे ३,२२८. हे काहीच माहीत नसताना मी त्या खात्यावर भावजयीच्या औषधांसाठी ५,००० पाठवले. मेडिकलच्या काउंटरवर औषधांची पिशवी समोर आणि फोनवर शिल्लक १,७७२. त्यातली अर्धी औषधं भावाने परत ठेवायला लावली.

दुसऱ्या दिवशी तो शाखेत गेला. तिथल्या अधिकाऱ्याने रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “एवढेही ठेवता येत नाहीत, तर खातं उघडलंस कशाला?” भाऊ चौतीस वर्षांचा आहे. तो काही न बोलता परत आला, आणि घरी आल्यावर पैशांबद्दल नाही, त्या ‘उघडलंस’बद्दल बोलला.

तर स्टेटमेंट हातात आलं की प्रत्येक कपातीसमोर ती कशाची आहे ते लिहा, कारण प्रत्येकीचा नियम वेगळा. नोंदी आद्याक्षरांत असतात. एएमबी किंवा एमएबी म्हणजे सरासरी किमान शिल्लक कमी पडल्याचा दंड. नॅच किंवा ईसीएस ही खात्यातून हप्ता आपोआप कापण्याची सोय; तिचा रिटर्न म्हणजे कर्जाचा किंवा एसआयपीचा हप्ता पैसे नसल्यामुळे परत गेला त्याचा दंड. एसएमएसचे पैसे आणि डेबिट कार्डाचं वार्षिक शुल्क वेगळं. ओव्हरड्राफ्टचं, म्हणजे शिलकीपेक्षा जास्त काढू देणाऱ्या उधारीचं, व्याज असेल तर तुम्ही तो मागितला होता का, मंजुरीचं पत्र कुठे आहे, हे विचारा. तुमची सही किंवा संमती नसलेला ओव्हरड्राफ्ट हा तक्रारीतला पहिला मुद्दा करा. हप्ता परत गेला असेल तर तारीख नीट बघा. आधी किमान शिलकीचा दंड कापला गेला आणि म्हणून हप्त्याला पैसे उरले नाहीत, असा क्रम असेल, तर त्या रिटर्नचा दंडही परत मागा. दोन नोंदींना बाण काढून जोडा, म्हणजे वाचणाऱ्याला शोधावं लागत नाही.

आता नियम. बचत खात्याच्या किमान शिलकीबाबत रिझर्व्ह बँकेने २० नोव्हेंबर २०१४ ला परिपत्रक काढलं, ते १ एप्रिल २०१५ पासून लागू झालं. शिल्लक कमी पडली तर बँकेने एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचं आणि भरपाईला एक महिना द्यायचा; त्यानंतरच दंड. दंड तफावतीच्या प्रमाणात हवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, केवळ या दंडामुळे खातं उण्यात जाता कामा नये. हे शेवटचं वाक्य माहीत नसल्यामुळे कितीतरी लोक उणे रक्कम निमूटपणे भरून टाकतात. भावाच्या स्टेटमेंटवर पाच महिने शिल्लक उण्यात होती आणि त्या काळात दंडाशिवाय एकही व्यवहार नव्हता. एवढी एक गोष्ट दाखवायला पुरेशी होती. दोन वर्षांहून जास्त काळ तुमच्याकडून व्यवहार नसेल आणि खातं निष्क्रिय झालं असेल, तर १ एप्रिल २०२४ पासून अशा खात्यावर किमान शिलकीचा दंड लावताच येत नाही, आणि ते पुन्हा चालू करायलाही शुल्क नाही. जनधन किंवा मूलभूत बचत खात्याला तर किमान शिलकीची अटच नाही.

एक महिन्याची सूचना आली होती का, हे बँक तुम्हालाच विचारेल. म्हणून खात्याला कोणता मोबाइल नंबर जोडलेला आहे ते आधी तपासा. भावाचा जुना नंबर होता, चाकणला घेतलेला, केव्हाच बंद पडलेला. अशा वेळी खोटं सांगू नका. नंबर बंद होता हे कबूल करा आणि मुद्दा उण्यात गेलेल्या शिलकीवर ठेवा, तो नंबरावर अवलंबून नाही. नंबर बदलायचा अर्ज त्याच दिवशी द्या.

मग अर्ज लिहा. एका पानात बसवा. खाते क्रमांक, कपातींच्या तारखा आणि रकमा, एकूण बेरीज, कोणता नियम मोडला, आणि किती रुपये परत हवेत तो आकडा. “योग्य ती कार्यवाही व्हावी” असं मोघम लिहू नका, त्याला उत्तरही मोघमच येतं. मराठीत लिहा, ग्राहकांसाठीचे फॉर्म, पासबुकं हे सगळं हिंदी, इंग्रजी आणि राज्याच्या भाषेत असावं असं रिझर्व्ह बँकच सांगते, त्यामुळे मराठी अर्ज घेत नाही असं कुणी म्हणालं तर संकोचायचं कारण नाही. अर्जाच्या दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर पोच घ्या: शिक्का, सही, तारीख. मी या सगळ्या तयारीत पोच सगळ्यात वर ठेवते. पुढचे दिवस त्या तारखेपासून मोजले जातात, आणि काउंटरवर अर्धा तास बोलून आलात तरी कागदावर त्याची नोंद नसते. पोच द्यायला नकार मिळाला तर शाखेतली तक्रार वही मागा. फाडून मिळणारी प्रत असलेली वही ठेवावी, म्हणजे ग्राहकाला तिथल्या तिथे पोच मिळेल, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने बँकांना केलेली आहे. तीही मिळाली नाही तर रजिस्टर पोस्टाने पाठवा किंवा बँकेच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवून क्रमांक उतरवून ठेवा.

वागणुकीची तक्रार वेगळ्या कागदावर करा. याबद्दल मी आग्रही आहे, कारण पहिल्या अर्जात आम्ही दोन्ही एकत्र लिहिलं आणि उत्तर आलं ते फक्त “कर्मचाऱ्यास समज देण्यात आली आहे” एवढंच. पैशांबद्दल एक अक्षर नाही. दोन कागद असले की दोन उत्तरं द्यावी लागतात. वागणुकीच्या अर्जात विशेषणं नकोत. उर्मट, माजोरी असे शब्द खोडून टाका आणि तिथे बोललेलं वाक्य जसंच्या तसं लिहा, अवतरणात. तारीख, वेळ, कितव्या खिडकीवर, टेबलावरच्या पाटीवर नाव होतं का, आजूबाजूला कोण होतं. हे त्याच दिवशी टिपून ठेवा, आठवड्याने शब्द बदलतात. आणि अर्जही लवकर द्या, सीसीटीव्हीचं चित्रण कायम राहत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्येच ग्राहक हक्कांची सनद काढली आहे, त्यातला पहिला हक्क न्याय्य वागणुकीचा. अर्जात त्याचा उल्लेख करा. घरातल्या वयस्कर माणसाला कुणी अरे-तुरे केलं असेल तर सोबत जा, पण बोलू त्यांनाच द्या. खातं त्यांचं आहे.

शाखेत जाताना सकाळची, गर्दी नसलेली वेळ धरा. पगाराचे आणि पेन्शनचे दिवस टाळा. समोरची व्यक्ती बहुधा कपात ठरवणारी नसते, ती प्रणालीतून आपोआप होते, आणि तिच्यावर चिडून शुल्क परत येत नाही. “यावर पोच द्या” हे एक वाक्य शांतपणे पुन्हा पुन्हा म्हणायची तयारी ठेवा.

अर्धी रक्कम देऊ करतील. आम्हाला फोन आला होता, सदिच्छा म्हणून पन्नास टक्के परत करतो, ईमेलवर तक्रार मिटल्याचं कळवा. घाबरून हो म्हणू नका. पैसे जमा होऊ देत, पण “उरलेल्या रकमेची तक्रार कायम आहे” असं लेखी द्या.

फोनवरून आठवलं: ग्राहक सेवेचा नंबर इंटरनेटवर शोधू नका. तिथे भामट्यांचे नंबर पेरलेले असतात, आणि आधीच पैसे गेल्याने बावरलेला माणूस त्यांना हवाच असतो. नंबर कार्डाच्या मागचा किंवा पासबुकावरचा घ्या. ओटीपी, पिन, स्क्रीन शेअर करणारं अॅप, यांतलं काहीही परतावा मिळवायला लागत नाही.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर बँकिंग लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्याकडे, जा. १२ नोव्हेंबर २०२१ पासून त्याची एकात्मिक योजना आहे, वकील लागत नाही, शुल्क नाही. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या संकेतस्थळावर तक्रार करता येते, माहितीसाठी १४४४८ हा नंबर. संगणकाची सवय नसेल तर चंदीगडच्या सेक्टर १७ मधल्या रिझर्व्ह बँकेच्या केंद्राकडे पत्र पाठवता येतं, कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही. सोबत पोच असलेला अर्ज, स्टेटमेंट आणि बँकेचं उत्तर जोडा. हे करायला मुदत असते, म्हणून बँकेचं उत्तर आल्यावर उशीर करू नका. २०२१ च्या योजनेत झालेल्या नुकसानीखेरीज वेळ, खर्च आणि मनस्ताप यांसाठी एक लाखापर्यंत भरपाईची तरतूद होती. तेवढी मिळेल असं धरू नका, पण रिकाम्या फेऱ्यांचं एसटीचं तिकीटही जपून ठेवा. तेच प्रकरण ग्राहक आयोगात चालू असेल तर लोकपाल ते घेत नाही, म्हणून क्रम आधी ठरवा. आयोगात दोन वर्षांची मुदत असते, सल्ल्याला १९१५ हा नंबर. पतसंस्थेचं खातं असेल तर मात्र हे लागू नाही. ती सहकार खात्याखाली येते, तक्रार निबंधकांकडे जाते.

आमचं प्रकरण लोकपालापर्यंत गेलं नाही. दुसऱ्या अर्जानंतर २३व्या दिवशी ३,२२८ रुपये जमा झाले. उरलेले ३१२, म्हणजे दंड सुरू होण्याआधी खात्यात होते ते, आले नाहीत आणि ते आम्ही सोडले. वागणुकीच्या अर्जाला वेगळं पत्र आलं, दोनच ओळींचं. “आपणांस झालेल्या मनस्तापाबद्दल दिलगीर आहोत.” भावाने ते ‘आपणांस’ मोठ्याने वाचलं आणि पत्र फाइलीत वरच्या बाजूला लावलं.

पैसे आले की खात्याचं काय करायचं ते लगेच ठरवा, नाहीतर पुढच्या महिन्यात पुन्हा ५९० जातील. हवं असेल तर मूलभूत बचत खात्यात बदलून मागा. दुसरीकडे जायचं असेल तर किमान शिलकीचा दंड नसलेल्या बँका आता आहेत: स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये तो काढला, कॅनरा, पंजाब नॅशनल, बँक ऑफ बडोदा आणि इंडियन बँक यांनी २०२५ मध्ये. बंद करायचं असेल तर आधी त्यावर येणारं सगळं हलवा. गॅसची सबसिडी, विम्याचा हप्ता, यूपीआय, काय काय जोडलंय ते स्टेटमेंटवरच दिसेल. मग उरलेले चेक आणि कापलेलं कार्ड घेऊन जा, बंद करण्याच्या अर्जाची पोच घ्या, आणि येणं बाकी नाही असं लिहिलेलं पत्र हातात पडेपर्यंत फाइल कपाटात ठेवू नका.